एफआय काढून कार्ब बसवू काय? गाडी चोर्ल्याच्या वाटेवर झटके मारालीय

जांबोटीकर

नमस्कार मंडळी. मी जांबोटीजवळचा. बेळगावात खानापूर रोडला एका गोडाऊनमध्ये हिशेबाला आहे, म्हणजे रोज जाऊन येऊन साठ किलोमीटर. गाडी 2012 ची, 150 सीसी, लिक्विड कूल (इंजिन पाण्यानं गार होतं), एफआय, म्हणजे सेन्सरनं मोजून पेट्रोल फवारणारी. 2019 ला वडगावच्या एका पोराकडनं सेकंडहँड घेतली. मीटरवर 78 हजार झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की निम्मी उत्तरं 'ही कंपनीच तसली' अशी येतात आणि माझा प्रश्न राहतो बाजूला.

तर असं झालंय. गणपतीच्या आधी चार दिवस गावाहून निघालो, आणि चढाला थ्रॉटल निम्म्याच्या वर गेला की गाडी मागनं कुणीतरी ओढून धरल्यासारखी करायला लागली. धक्... धक्... आणि सोडली की नीट. सपाटीला ठीक चालते. कणकुंबीकडं गेलो तर जास्तच. गरम झाल्यावर बंद केली की परत स्टार्ट व्हायला चार-पाच वेळा सेल्फ मारावा लागतो. अॅव्हरेज 40 होतं, आता 28. इंजिनचा पिवळा दिवा लागतो, दोन दिवस असतो, आपोआप जातो.

शोरूमच्या सर्व्हिसवाल्यांनी मशीन लावून बघितलं आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला म्हणाले. 22 हजार, तोही मागवावा लागेल. आमच्याकडचा मिस्त्री म्हणतोय, ती भानगडच काढून टाक, साडेनऊ हजारात जुन्या गाड्यांसारखा कार्ब, म्हणजे कार्ब्युरेटर, बसवून देतो, जन्मात दिवा लागायचा नाही. माणूस हाताचा चांगला आहे, खोटं बोलत नाही. पण एफआयची गाडी त्यानं कधी कार्बवर घेतलेली नाही हेही त्यानंच सांगितलं.

घरी बायको म्हणते विका. विकून 20 सुद्धा येणार नाहीत. काय करू सांगा बघू.

उद्यमबागचा मामा

कार्बचं नंतर बघू. आधी एवढं सांग.

चावी फिरवल्यावर टाकीतनं दोन-तीन सेकंद 'झुंईं' आवाज येतोय काय? प्लग काढून बघितलास काय, काळा आहे की विटकरी? बॅटरी किती जुनी? दिवा लागतो तेव्हा किती वेळा लुकलुकतो ते मोजलंस काय? आणि सायलेन्सर कंपनीचाच आहे ना?

शेवटच्याचं उत्तर खरं दे.

जांबोटीकर

मामा, आवाज येतो, पण पूर्वीपेक्षा बारीक वाटतो. प्लग एकदम काळा, बोटाला काजळ लागतंय. बॅटरी गेल्या दिवाळीत नवीन घातली. दिवा मोजला नाही, आज मोजतो.

सायलेन्सर... गेल्या वर्षी मार्चमध्ये बदललाय. बेंड पाइपसकट, म्हणजे इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतच्या नळीसकट. आवाजासाठी म्हणून. हवेचा फिल्टर पण उघडा, डब्याशिवायचा बसवलाय. जुना सायलेन्सर भंगारात गेला. पण तेव्हा काही त्रास नव्हता हो, पाऊस सुरू झाल्यावर सगळं झालं.

निपाणीचा पाटील

भावा, मी मिस्त्रीच्या बाजूनं. माझी 2011 ची एफआय होती, सहा वर्षांपूर्वी कार्ब घातला. शेतावर तंबाखूची पोती, चिखल, कालव्याचं पाणी, सगळं बघितलंय तिनं. मधे एकदा तवंदी घाटात बंद पडली. रस्त्याकडेला कार्बचा बाउल (खालची पेट्रोलची वाटी) उघडला, जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात, तार घातली, फुंकर मारली, दहा मिनिटांत चालू. एफआय असती तर टेम्पोत घालून आणावी लागली असती.

आणि हे काय आपल्यासारख्यांनीच केलंय असं नाही. पल्सर 220 बघा. 2007 ला एफआय घेऊन आली, 2009 ला तीच गाडी कार्ब लावून बाजारात. ताकद कमी झाली काय? उलट 20 ची 21 पीएस झाली. कंपनीला जमतं ते आपल्या मिस्त्रीला का जमू नये?

उद्यमबागचा मामा

पाटील, 220 चं तुमचं बरोबर आहे. पण ती कारखान्यात कार्बवर गेली. मॅनिफोल्ड (इंजिनकडं जाणारी नळी) वेगळा, टाकीला कॉक, वायरिंग वेगळं, ठिणगीचं टायमिंग कार्बला बसेल असं करून. ते सगळं आपण करायचं म्हटलं तर काय होतंय ते मी केलंय म्हणून सांगतो. आणि तुमच्या तारेबद्दल शेवटी बोलतो.

मी 31 वर्षं उद्यमबागेत लेथवर काढली, आता घरामागं दोन गाड्यांची जागा आहे, तिथं बसतो. 2016 ला सुळग्याचा एक पोरगा अशीच 150 ची एफआय घेऊन आला. मामा, कार्ब घाला. घातला. मी नऊ हजार सांगितले होते, सतरा झाले. पाच दिवस म्हणालो, तेवीस लागले. कुठं गेले सांगतो.

पहिलं म्हणजे एफआय काढली की नुसतं पेट्रोल सोडणारं यंत्र जात नाही. ठिणगी कधी टाकायची हेही तोच ईसीयू ठरवत असतो. तो काढला की गाडीला ठिणगीच नाही. मग सीडीआय, म्हणजे ठिणगी टाकणारा वेगळा डबा, आणा. त्याला खूण लागते मॅग्नेटवर, म्हणजे क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) टोकाला फिरणाऱ्या चाकावर. ईसीयूच्या चाकाला दात भरपूर असतात, मधला एखादा गाळलेला, त्यावरनं त्याला क्रँक कुठं आहे ते कळतं. साध्या सीडीआयला एका फेऱ्यात एक खूण पुरते. भरपूर दातांच्या चाकावर सीडीआय लावलास तर तो वाटेल तिथं ठिणगी टाकतोय. म्हणून मॅग्नेट बदला. दुसऱ्या गाडीचा मॅग्नेट आणला तर टेपर, म्हणजे दांड्यावर बसायचं निमुळतं भोक, जुळेना. त्यात आठ दिवस गेले.

दुसरं, टाकी. एफआयच्या टाकीला खाली पंपाची प्लेट असते, कॉक नसतो. पंप साधारण 3 बारनं पेट्रोल ढकलतो. तो तसाच ठेवून नळी कार्बला जोडली तर कार्बमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोट निडल त्या दाबाला टिकत नाही, पेट्रोल वरनं वाहतं, खाली गरम इंजिन. म्हणून पंप काढून मी अॅल्युमिनियमची प्लेट कातली, तिला कॉक बसवला. हे काम मात्र झकास झालं, अजून गळत नाही.

मॅनिफोल्डचे बोल्ट जुळले नाहीत, त्याला फ्लँज, म्हणजे मधली जोडप्लेट, केली. तेवढं लेथवाल्याला काय नाही.

तिसरं कुणाच्या डोक्यात येत नाही. तुझी गाडी लिक्विड कूल. अशा बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा पंखा कधी लावायचा हे ईसीयूच सांगतो. आम्ही गाडी चालू केली, आनंदात चहा पिऊन आलो, आणि बघतो तर टोपीतनं पाणी उकळालंय आणि पंखा गप्प. मग वेगळा थर्मो स्विच बसवला. मीटरवरचा टेंपरेचरचा काटा मेला तो मेलाच.

आता गाडी चालली कशी? बेळगावात छान. पोरगा खूष. डिसेंबरात मित्रांबरोबर पणजीला गेला आणि तिथनं फोन, मामा सायलेन्सरमधनं फटाके वाजालेत, इंजिन तापालंय. साधी गोष्ट होती, मी विसरलो होतो. बेळगाव समुद्रापासून साधारण 750 मीटर उंच. मी जेट बसवला तो इथल्या विरळ हवेला. घाट उतरलास की हवा दाट, जेटचं भोक तेवढंच, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. मिश्रण सुकं. एक नंबर मोठा जेट बसवला तर गोव्यात ठीक, आणि वर आल्यावर प्लग काळा. शेवटी पोरगा एक जेट गाडीत आणि एक खिशात घेऊन फिरायला लागला. एफआयला हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, ती हे काम रस्त्यानंच करत जाते, तुला कळतसुद्धा नाही.

त्यात आता पेट्रोल बदललंय. फेब्रुवारी 2023 मध्ये बंगळूरलाच ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणलं, आता पंपावर तेच मिळतं. नुसत्या पेट्रोलला हवा 14.7 पट लागते, इथेनॉलला 9 पट. म्हणजे 20 टक्के मिसळलं की साडेतेराच्या आसपास येतं. जुन्या जेटवर गाडी आपोआप सुकी चालणार. आपल्याच चिकोडी-अथणीच्या उसाचं इथेनॉल, तक्रार तरी कुणाकडं करायची.

आता तुझ्या गाडीकडं येतो, जांबोटी. सायलेन्सर बेंड पाइपसकट बदललास म्हणालास. जुन्या बेंड पाइपला एक सेन्सर होता. ऑक्सिजन सेन्सर, धुरातला ऑक्सिजन मोजणारा. तो नव्या पाइपवर कुठं बसवलाय? खाली वाकून बघ आणि सांग.

जांबोटीकर

मामा, बघून आलो. तो सेन्सर इंजिनच्या खाली फ्रेमला झिपटायनं बांधलाय. नव्या पाइपला भोकच नाही. बसवणारा म्हणाला होता, 'त्याचं काही काम नसतंय.' चार वायरी आहेत त्याला.

आणि दिवा मोजला. लांब आणि आखूड असा लुकलुकतो, माझ्या मोबाइलमधल्या व्हिडिओवरनं मोजला, पण पुस्तक नाही माझ्याकडं.

उद्यमबागचा मामा

झालं की मग! हसालोय मी इकडं, माझी बायको विचारायला लागलीय काय झालं म्हणून.

चार वायरी म्हणजे आत हीटर आहे. हीटर सेन्सरला गरम ठेवतो, म्हणजे सेन्सर जागा आहे, काम करतोय, आणि बाहेरची मोकळी हवा हुंगतोय. मोकळ्या हवेत ऑक्सिजनच ऑक्सिजन. तो ईसीयूला सांगतोय, 'मिश्रण सुकं आहे, सुकं आहे.' नीट असता तर 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये वरखाली नाचला असता, तुझा शून्याजवळ चिकटून बसलाय. ईसीयू बिचारा प्रामाणिक. पेट्रोल वाढवतो. सेन्सर म्हणतो अजून सुकं. अजून वाढवतो. मर्यादा आली की हात वर करून दिवा लावतो. अॅव्हरेज 28 आणि काळा प्लग तिथनं आला. ईसीयू गेलेला नाही, ईसीयूला फसवलंय.

पण तेवढ्यानं चढाला झटके येत नाहीत. जास्त पेट्रोलानं गाडी जड होते, धूर देते, अशी मागनं ओढत नाही. चढाला उपाशी पडालीय ती. पंपाचा आवाज बारीक, म्हणजे पंपाची जाळी भरली असणार. एकाच गाडीत दोन उलटे रोग. सपाटीला पेट्रोल जास्त, चढाला कमी. म्हणून मशीनवाला पण चक्रावला असेल.

असं कर. टाकी रिकामी करून पंप बाहेर काढ, जाळी बघ. पेट्रोल पारदर्शक बाटलीत ओत आणि रात्रभर ठेव. इथेनॉल पाणी पितं, जास्त झालं की दोघं मिळून वेगळे होऊन तळाला बसतात, तुला मधे रेघ दिसेल. पंपाचा दाब मोजून घे. सेन्सरचा नट कुठल्याही टर्नरकडनं करून बेंडला वेल्ड कर, मूळ पाइपला जिथं होता साधारण तेवढ्याच अंतरावर, वरच्या बाजूनं, खाली लावलास तर पाणी बसेल. थ्रॉटल बॉडी (इंजिनला हवा सोडणारा भाग) स्प्रेनं पूस. वायरी जोडणारे सगळे कपलर उघडून हिरवा गंज चढलाय काय बघ, अर्थिंगची वायर फ्रेमला जिथं बसते ती आधी. उघडा फिल्टर काढून जुना डबा बसव, पावसात जांबोटीला उघडा फिल्टर म्हणजे नाक वर करून झोपल्यासारखं.

हे सगळं करून राहिलं तर ईसीयू. तोही लगेच विकत घेऊ नकोस, तशीच गाडी असलेला कुणी ओळखीचा गाठ, दहा मिनिटं त्याचा लावून बघ.

पाटील, तुमची तार. जेट पितळेचा असतो, त्याचं भोक मोजून पाडलेलं असतं. तार घातली की ते मोठं होतं, लंबगोल होतं. फुंकर मारा, स्प्रे मारा, लागलं तर प्लास्टिकचा दोरा घाला. तार नको.

शहापूरकर, सध्या बंगळूर

मामांनी बरोबर पकडलंय. ट्यूनिंगचा विषय निघालाच आहे तर माझा अनुभव सांगतो.

सायलेन्सर आणि फिल्टर बदलल्यावर एफआयला ट्यून करायचं असेल तर वेगळा बॉक्स मिळतो. आपल्याकडं बंगळूरच्या रेस डायनॅमिक्सचा पॉवरट्रॉनिक सगळ्यात जास्त दिसतो. तो ईसीयूच्या जागी बसत नाही, मधे बसतो. ईसीयूनं इंजेक्टरला 'एवढा वेळ उघड' म्हटलं की हा त्यात थोडं वाढवतो किंवा कमी करतो. ठिणगी पण थोडी पुढंमागं करता येते. लॅपटॉप लावून आरपीएम आणि थ्रॉटलचा तक्ता बदलायचा. मी माझ्या 200 सीसीच्या गाडीला लावलाय.

पण हा बॉक्स आजारी गाडीला औषध नाही. जाळी भरलेली, सेन्सर लटकलेला, अशा गाडीला तो लावला तर तू आजारालाच ट्यून करशील. आणि मंद थ्रॉटलला ऑक्सिजन सेन्सर काम करत असतो तेव्हा तू वाढवलेलं पेट्रोल ईसीयू हळूहळू परत काढून घेतो. फरक कळतो तो थ्रॉटल पूर्ण पिळल्यावर, तेव्हा ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही. रोज साठ किलोमीटर गोडाऊनला जाणाऱ्याला ते कशाला पाहिजे? माझं वैयक्तिक मत. मला पाहिजे होतं म्हणून मी घातलं, अॅव्हरेज चार-पाचनं पडलं आणि अजून घरी सांगितलेलं नाही.

केए23

कायद्याचं कुणीच बोललं नाही म्हणून दोन ओळी. मोटार वाहन कायद्याचं कलम 52, आणि सुप्रीम कोर्टाचा जानेवारी 2019 चा निकाल. कंपनीनं मंजूर करून घेतलेल्या रचनेपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल चालत नाही. कार्ब रोज कुणी उघडून बघत नाही हे खरं, पण तुझी गाडी 2012 ची, 2027 ला 15 वर्षं होतील. आरसी रिन्यू करताना आरटीओत गाडी दाखवावी लागते. तेव्हा टाकीखालचा कॉक आणि तो सायलेन्सर दोन्ही दिसणार. अपघात झाला तर इन्शुरन्सवाल्याला तेवढंच निमित्त.

निपाणीचा पाटील

दिसू दे की. आमच्याकडं गाडी धुवून नेली तरी साहेब खूष असतात.

गंमत सोडा. मामा, तारेचं पटलं. पण शेतावरच्या माणसाला कार्ब बरा हे माझं मत कायम. तुमच्यासारखा मिस्त्री प्रत्येक गावात नाही. दाब मोजायचं घड्याळ आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाकडं नसेल.

उद्यमबागचा मामा

ते मात्र खरं आहे. नाकारत नाही.

जांबोटीकर

बारा दिवसांनी लिहितोय, उशीर झाला, मधे भात कापणी होती.

पंप काढला. जाळीवर लाल चिखलासारखा थर, नखानं निघत होता. टाकीच्या तळाला गंज धरलाय. पेट्रोल बाटलीत ठेवलं तर सकाळी तळाला बोटभर वेगळं पाणी, मामांनी सांगितलेली रेघ अगदी आखल्यासारखी. टाकीची टोपी उघडून बघितली तर रबर फाटलेलं, सगळा पावसाळा तिथनंच आत गेलाय. दाब 1.8 बार आला. जाळी बदलली, टाकी आतनं धुवून घेतली, टोपीचं रबर नवीन घातलं. दाब 3 च्या जवळ.

सेन्सरचा नट उद्यमबागेतल्या एका टर्नरनं 150 रुपयांत करून दिला. वेल्डिंगचे 200. सेन्सर मात्र वर्षभर चिखलात लोंबून मेलेला निघाला, सेकंडहँड 900 ला मिळाला. कपलर दोन हिरवे होते. फिल्टरचा डबा घरी माळ्यावर होता, त्यात उंदरानं घर केलं होतं. सगळं मिळून 2850 रुपये, शिवाय एक रविवार.

काल कणकुंबीपर्यंत गेलो. चढाला तिसऱ्यात पूर्ण पिळली, एकही झटका नाही. अॅव्हरेज दोन टाक्या मोजलं, 37. दिवा गेला. सकाळी थंडीत अजून दुसऱ्या सेल्फला उचलते, पहिल्याला नाही.

मिस्त्रीला जाऊन सांगितलं. वाईट वाटेल म्हणून भीत होतो. तो म्हणाला, 'बरं झालं बाबा, मलाच रात्री झोप लागत नव्हती, तो मॅग्नेट कुठनं आणायचा म्हणून.'

उद्यमबागचा मामा

37 म्हणजे झकास. सकाळी पहिली चावी फिरवलीस की पंपाचा आवाज थांबू दे, मग सेल्फ मार. लगेच मारत असशील तू. तरी नाही उचलली तर इंजिन टेंपरेचरचा सेन्सर बघू, गार असताना पेट्रोल जास्त द्यायचं हे त्यालाच कळतं.

वेल्डिंगचा फोटो टाक. वरच्या बाजूनं केलास ना?

जांबोटीकर

वरच्या बाजूनंच. फोटो संध्याकाळी टाकतो. आणि हो, लगेचच मारत होतो.

निपाणीचा पाटील

मामा, एक विचारू काय, इथंच विचारतो, लाज कसली. माझी कार्बची गाडी या थंडीत चोक सोडला की बंद पडालीय. पाच मिनिटं चोकवर ठेवावी लागते. पायलट जेट (मंद चालीचा) स्वच्छ आहे, तार नाही घातली, शपथ. मिश्रणाचा स्क्रू आत घेऊ की बाहेर?

उद्यमबागचा मामा

स्क्रू कार्बच्या इंजिनच्या बाजूला आहे की फिल्टरच्या बाजूला? ते बघून सांगा आधी. इंजिनकडचा पेट्रोलचा असतो, फिल्टरकडचा हवेचा, दोन्ही एकमेकांच्या उलट दिशेनं फिरवायचे असतात.